दोन तपासण्यांमधले दिवस : सोलापूरच्या पूर्व भागातील एका गर्भवतीला मिळालेला दूरसल्ला

प्रस्तुत प्रकरण परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि आशा स्वयंसेविका यांच्या प्रशिक्षणासाठी रचलेले आहे. त्यातील स्त्री, तिचे कुटुंब आणि प्रसूतिगृह कल्पित आहे. वैद्यकीय निकष, शासकीय नियम आणि सोलापूरची परिस्थिती प्रत्यक्षातली आहे. गरोदरपणातील वजन आणि राहणीमान यांच्यावर दूरध्वनीवरून देखरेख ठेवता येते का, एवढाच प्रश्न विचारला तर उत्तर सोपे आहे : ठेवता येते. ती देखरेख कोणत्या अटींवर खरी ठरते आणि फोन कुठे थांबवावा लागतो, हे मात्र एखादे घर बारकाईने पाहिल्याखेरीज कळत नाही.

घर आणि पहिली तपासणी

सत्तावीस वर्षांच्या, दुसऱ्या खेपेच्या या गर्भवती सोलापूर शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत राहतात. घरी तेलुगू बोलली जाते, बाहेर मराठी. पती टॉवेलच्या यंत्रमागावर कामाला आहेत. त्या स्वतः आणि सासूबाई घरी बसून विड्या वळतात. मोठा मुलगा साडेतीन वर्षांचा असून त्याचा जन्म सिझेरियनने झाला. त्या वेळी वजन बरेच वाढले होते आणि त्यातले सगळे उतरले नाही, असे त्या सांगतात. नेमका आकडा जुन्या कार्डावर नाही.

मार्चअखेरीस, दहाव्या आठवड्यात, त्या पहिल्यांदा तपासणीस आल्या. उंची १५४ सेंटिमीटर, वजन ६८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा निर्देशांक) २८.७. रक्तदाब ११४/७२, हिमोग्लोबिन १०.२. भारतीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पहिल्याच भेटीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी घेतलेली साखर ११८ आली. या चाचणीसाठी उपाशी येण्याची गरज नसते आणि १४० किंवा त्याहून अधिक साखर आली तर गर्भावस्थेतील मधुमेह मानला जातो.

वजन किती वाढू द्यायचे, याविषयी डॉक्टरांना निर्णय घ्यावा लागला, कारण दोन मोजपट्ट्या एकमेकींशी जुळत नाहीत. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ साली सुचवलेल्या मर्यादा जगभर वापरल्या जातात. त्यांनुसार २५ ते २९.९ बीएमआय असलेल्या स्त्रीचे वजन संपूर्ण गरोदरपणात ७ ते ११.५ किलो वाढावे आणि ३० किंवा त्याहून अधिक बीएमआय असल्यास ५ ते ९ किलो. परंतु भारतीयांमध्ये कमी बीएमआयलाही पोटाभोवतीची चरबी आणि मधुमेहाचा धोका अधिक आढळत असल्याने आपल्याकडे २३ पासून अतिरिक्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा मोजण्याचा प्रघात आहे. या स्त्री पहिल्या पट्टीने जास्त वजनाच्या गटात बसतात, दुसरीने लठ्ठ गटात. डॉक्टरांनी ७ ते ९ किलो हे लक्ष्य ठरवले. दोन्ही मर्यादांच्या सामाईक भागात राहणारे हे लक्ष्य मला योग्य वाटते. त्यातला ७ हा आकडा ९ इतकाच महत्त्वाचा आहे, कारण गरोदरपणात वजन घटवण्याचा प्रयत्न करायचा नसतो, आणि खालची मर्यादा सांगितली नाही की घरात नेमका तोच अर्थ काढला जातो.

सोळाव्या आठवड्यात, मेच्या पहिल्या पंधरवड्यात, वजन ७१.२ किलो भरले. पहिल्या तिमाहीत अर्धा ते दोन किलो आणि पुढे या गटासाठी आठवड्याला सरासरी २८० ग्रॅम वाढ अपेक्षित असताना सहा आठवड्यांत ३.२ किलो वाढले होते. मळमळ थांबून भूक उघडली होती आणि घरच्यांनी तिचे मनापासून स्वागत केले होते. अशा वेळी गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात जे सांगितले जाते तेच इथेही सांगता आले असते : भात कमी करा, रोज चाला, पुढच्या महिन्यात या. त्या चार आठवड्यांत काय घडते हे कुणालाच दिसत नाही. म्हणून प्रसूतिगृहाने या गर्भवतीला आपल्या दूरसल्ला योजनेत घेतले.

योजना कशी होती

मासिक प्रत्यक्ष तपासण्या ठरल्याप्रमाणे चालू राहणार होत्या. त्यांच्या मधल्या काळात एक प्रशिक्षित परिचारिका आठवड्यातून एकदा फोन करणार होती, आहारतज्ज्ञ दोनदा व्हिडिओवर बोलणार होत्या आणि काही वेगळे आढळले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवले जाणार होते. भारतात दूरवैद्यकसेवेसाठी २५ मार्च २०२० रोजी जाहीर झालेली मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांनुसार आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाचा पाठपुरावा आवाजी फोनवरूनही करता येतो, रुग्णाची संमती आणि सल्ल्याची नोंद आवश्यक असते, आणि फोनवर भागत नाही असे वाटताच प्रत्यक्ष बोलावण्याचा निर्णय डॉक्टरांकडे असतो. परिचारिकेने औषध बदलायचे नाही, हेही आरंभीच स्पष्ट केले होते. तिने विचारायचे, ऐकायचे, नोंदवायचे आणि आधी ठरलेल्या आहाराविषयी बोलायचे.

वजनाच्या बाबतीत सर्वाधिक काळजी काट्याची घेतली गेली, आणि ते अगदी रास्त होते. प्रसूतिगृहाने अनामत रक्कम घेऊन एक साधा डिजिटल काटा घरी दिला. सोमवारी सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहापूर्वी, गाऊनवर, स्वयंपाकघरातल्या ठरावीक फरशीवर काटा ठेवून वजन करायचे असे ठरले. पुढच्या भेटीत तोच काटा पिशवीत घालून आणवला आणि प्रसूतिगृहातल्या काट्याशी ताडून पाहिला. घरचा काटा ४०० ग्रॅम जास्त दाखवत होता. तो फरक कार्डावर लिहिला आणि प्रत्येक नोंदीतून वजा केला. आठवड्याच्या २८० ग्रॅमच्या वाढीवर निर्णय घ्यायचे असतील, तर ४०० ग्रॅमची चूक सोडून देता येत नाही.

फोन कुणाचा, ऐकतो कोण

पहिला फोन जवळजवळ वाया गेला. घरात स्मार्टफोन एकच, तो पतीचा, आणि पती कामावरून परतल्याशिवाय तो घरात नसे. दिवसा लावलेल्या फोनवर मागांच्या खटखटीत काही ऐकू येत नसे. रात्री साडेआठला फोन लागला तेव्हा तो स्पीकरवर होता. भोवती सासूबाई, जाऊ आणि पती होते. परिचारिकेने ठरलेली प्रश्नावली वाचली. दिवसातून किती वेळा खाता, झोप किती, तंबाखू किंवा मिश्री लावता का? सगळी उत्तरे नीटनेटकी आली. मिश्रीच्या प्रश्नाला उत्तर "नाही" असे मिळाले.

प्रश्नावली बरोबर होती; ती विचारण्याची जागा चुकली होती. दवाखान्यात गर्भवतीला पडद्याआड नेता येते, फोनला पडदा नसतो. पुढच्या आठवड्यापासून परिचारिकेने बोलण्याचे दोन भाग पाडले. पहिली पाच मिनिटे सगळ्यांशी, स्पीकरवर : काय शिजले, चालणे झाले का, गोळ्या संपल्या का. त्यानंतर, "आता पोटातल्या बाळाच्या हालचालींविषयी विचारायचे आहे, फोन घेऊन जरा गच्चीवर जा," असे सांगून उरलेले बोलणे एकटीशी. बाळाच्या हालचालींचे कारण कुणालाच खटकले नाही. हे दुसरे बोलणे तेलुगूत होऊ लागले, कारण परिचारिका त्याच भागातली होती. याशिवाय, गच्चीवरही कुणी जवळ असेल तर उत्तर फक्त "हो" किंवा "नाही" देता यावे, अशा रीतीने नाजूक प्रश्न मांडले जात.

तिसऱ्या फोनवर गर्भवतीने सांगितले की त्या सकाळी आणि दुपारी मिश्री लावतात. विड्या वळताना झोप येऊ नये म्हणून ही सवय लग्नाआधीच लागली होती, आणि सासूबाई स्वतः मिश्री लावत असल्या तरी सुनेने गरोदरपणात ती सोडली आहे असे त्या धरून चालल्या होत्या. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातून निकोटिन हिरड्यांवाटे थेट रक्तात जाते आणि कमी वजनाच्या बाळाचा धोका वाढतो. म्हणजे एकीकडे आईचे वजन प्रमाणाबाहेर वाढत होते आणि दुसरीकडे बाळाची वाढ खुंटण्याचे कारणही घरातच होते. केवळ काट्याकडे पाहणाऱ्या योजनेला हे कधीच कळले नसते.

ही माहिती व्हॉट्सॲपवर कुठेही लिहायची नाही, असा निर्णय परिचारिकेने घेतला, कारण तो फोन सगळे पाहत. नोंद फक्त प्रसूतिगृहाच्या कागदांत झाली. दुपारची मिश्री आधी सोडायची आणि तिच्या जागी चूळ भरून बडीशेप चघळायची, मग सकाळची सोडून टूथपेस्ट वापरायची, असे ठरले. तंबाखू सोडण्यासाठी असलेला १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांकही दिला होता, पण उसन्या फोनवरून त्यांनी तो लावला नाही. विसाव्या आठवड्यापर्यंत दोन्ही वेळची मिश्री सुटली.

चहा, तेल आणि फोटोतले ताट

आहारतज्ज्ञांनी रोजच्या जेवणाचे फोटो मागवले. पहिल्या आठवड्यातले फोटो पाहून या घरी आहारसल्ल्याची गरजच नाही असे वाटावे : एक भाकरी, वाटीभर डाळ, अंबाडीची भाजी, काकडी. फोटोसाठी वाढलेले ताट आणि रोजचे ताट यांत फरक असतो हे आहारतज्ज्ञांना ठाऊक होते, त्यामुळे त्यांनी फोटो बंद केले आणि सासूबाईंना किराण्याचा हिशेब विचारला. महिन्याला तांदूळ किती, तेल किती, साखर किती आणि जेवणारी माणसे किती? किराण्याची यादी सांगताना कुणाला संकोच वाटत नाही. उलट सासूबाईंनी भाववाढीविषयीची तक्रारही त्यात जोडली.

साखरेचा आकडा मोठा निघाला आणि त्याचा माग काढताना चहा सापडला. विड्या वळण्याच्या कामाला चहाची लय असते. दर थोड्या वेळाने अर्धा कप येतो आणि तो मोजला जात नाही. मोजला तेव्हा दिवसाचे सहा कप भरले, प्रत्येकात दोन चमचे साखर. म्हणजे एकट्या चहातून सुमारे ६० ग्रॅम साखर, साधारण २४० किलोकॅलरी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार गरोदरपणात लागणारी वाढीव ऊर्जा दिवसाला ३५० किलोकॅलरी आहे, आणि मुळात वजन जास्त असलेल्या स्त्रीला तीही पूर्ण लागतेच असे नाही. एक मध्यम भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि पेलाभर दूध एवढ्यात ती भागते. "दोन जिवांचे जेवण" या समजुतीवर व्याख्यान देण्याऐवजी आहारतज्ज्ञांनी सासूबाईंना हे तीन पदार्थ सांगितले आणि दुसऱ्या जिवाचा वाटा एवढाच, असे म्हटले. सासूबाईंना तो वाटा भरपूर वाटला, त्यामुळे वाद झाला नाही.

चहा सहावरून तीन कपांवर आला, साखर दोन चमच्यांवरून एकावर. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली जात होती हेही याच बोलण्यात कळले. चहामुळे लोह नीट शोषले जात नाही, म्हणून ती गोळी रात्री जेवणानंतर तासाभराने लिंबूपाण्याबरोबर, आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून दूर, सकाळी व दुपारी जेवणाबरोबर घ्यायची असे ठरले. भात दोन्ही वेळचा होता तो एक वेळचा झाला. ज्वारीविषयी मात्र थोडे समजवावे लागले. ज्वारी "हलकी" म्हणून भाकरी कितीही खाल्ली तरी चालते, असा समज सोलापूर जिल्ह्यात पक्का आहे. ज्वारीत तंतू अधिक असले तरी पिष्ट भरपूर असते आणि दोन भाकऱ्यांवर भात घेतला तर साखर वाढतेच. शेंगाची चटणी बंद करायला सांगितली नाही. सोलापुरात तो सल्ला कुणी पाळणारही नाही. चटणी एक चमचा आणि वर तेल घालायचे नाही, एवढ्यावर तडजोड झाली.

एकविसाव्या आठवड्यात वजन एकदम ६०० ग्रॅमने उतरले. घरच्यांना आनंद झाला, परिचारिकेला शंका आली. गच्चीवरच्या बोलण्यात कळले की तपासणीची तारीख जवळ आली म्हणून गर्भवतीने तीन दिवस रात्रीचे जेवण सोडले होते. आकडे मागितले की माणसे आकड्यांसाठी जगू लागतात, हा दूरदेखरेखीचा नेहमीचा धोका आहे. डॉक्टरांनी स्वतः फोन करून, जेवण सोडल्याने बाळाच्या पोषणावर काय परिणाम होतो ते सांगितले आणि पुढचे दोन आठवडे वजन करूच नये असे सुचवले. हा निर्णय योजनेच्या कागदावर कुठेही नव्हता.

बैठे काम आणि उन्हाळा

गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणात आठवड्याला साधारण १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवला जातो; चालताना बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतका त्याचा जोर असावा. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळीसच्या वर असतो आणि पूर्व भागातल्या पत्र्याच्या खोल्या रात्री उशिरापर्यंत निवत नाहीत. शिवाय विडीची मजुरी नगावर असते. अर्धा तास चालणे म्हणजे तेवढ्या विड्या कमी. सूप मांडीवर घेऊन तासन्‌तास मांडी घालून बसणाऱ्या स्त्रीला "रोज चाला" असे सांगताना तिच्या रोजगाराचा विचार केला नाही, तर ती पुढच्या वेळी "हो, चालते" असे खोटे सांगेल.

त्यामुळे अर्ध्या तासाचे तीन तुकडे केले : सकाळी पाणी भरून झाल्यावर, दुपारी जेवल्यावर घरातल्या घरात, आणि रात्री जेवणानंतर गच्चीवर, प्रत्येकी दहा मिनिटे. जेवणानंतरचे चालणे साखरेसाठीही उपयोगी असते, हे पुढे कामी आले. कामाची वाटणीही बदलली. तंबाखूच्या भुकटीपासून दूर राहण्यासाठी काम पूर्ण थांबवावे, असे डॉक्टरांचे मत होते. घराला ते परवडणारे नव्हते. शेवटी सून दाराजवळ बसून तेंदूची पाने कापू लागली आणि तंबाखू भरण्याचे व वळण्याचे काम सासूबाईंकडे गेले. हा आदर्श उपाय नाही, कारण तंबाखू घरातच राहिली. पण तो प्रसूतीपर्यंत टिकला.

जुलै : साखर १४८

पंचविसाव्या आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी पुन्हा झाली आणि साखर १४८ आली. अशा वेळी शासकीय सूचनांप्रमाणे आधी दोन आठवडे आहारोपचार आणि चालणे, त्यानंतर जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या आत आली नाही तर औषध, असा क्रम असतो. प्रसूतिगृहाने ग्लुकोमीटर दिला आणि फोन आठवड्यातून दोनदा होऊ लागले. जेवण तीन मोठ्या वेळांऐवजी तीन लहान जेवणे आणि दोन-तीन मधली खाणी असे विभागले; मधल्या खाण्यात फुटाणे, ताक, उकडलेले अंडे, मोड आलेली मटकी.

या दोन आठवड्यांतच आषाढी एकादशी आली. घरात उपास पाळला जातो आणि पंढरपूरच्या जिल्ह्यात त्या दिवशी उपास मोडायला सांगणे सोपे नसते. दुपारी दोन तासांची साखर १६८ नोंदली गेली. गर्भवतीने ती कळवली, लपवली नाही, याचे श्रेय आधीच्या आठवड्यांत परिचारिकेने कधीही रागावून न बोलण्याला आहे. साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा, दोन्ही जवळजवळ निव्वळ पिष्ट. वरईची भगरही त्याच वाटेने जाते. पुढच्या एकादशीसाठी दही, शेंगदाणे, दूध, राजगिऱ्याची छोटी भाकरी आणि काकडी असा फराळ ठरला, उपाशी राहायचे नाही या अटीवर. आहारतज्ज्ञांनी हे सासूबाईंशी व्हिडिओवर बोलून ठरवले. फराळ करणाऱ्या त्याच होत्या. दोन आठवड्यांनंतर प्रयोगशाळेतली साखर ११४ आली आणि औषध लागले नाही.

माहेरी : फोन थांबतो ती जागा

तिसाव्या आठवड्यात ओटीभरणासाठी गर्भवती अक्कलकोट तालुक्यातील माहेरी गेल्या. घरचा काटा नेला नव्हता. पाच दिवसांनी त्यांनी वजन कळवले : १.९ किलोने जास्त. सणासुदीचे खाणे झाले असेल, असा तर्क सहज करता आला असता. परंतु गरोदरपणाच्या उत्तरार्धात अचानक वाढलेले वजन अंगात साठलेल्या पाण्याचे, आणि पर्यायाने वाढत्या रक्तदाबाचे, लक्षण असू शकते. आठवड्यात एक किलोहून अधिक वाढ, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, वरच्या पोटात दुखणे, रक्तस्राव, पाणी जाणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी प्रत्यक्ष तपासणी, असा या योजनेचा नियम होता.

परिचारिकेने गावातल्या उपकेंद्रात जायला सांगितले. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी रक्तदाब घेतला, ११६/७४. लघवीत प्रथिने नव्हती, पायांवर सूज नव्हती. अशा उपकेंद्रांतून ई-संजीवनीद्वारे डॉक्टरांशी थेट बोलता येते. ही शासकीय सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि एप्रिल २०२० पासून नागरिकांना घरूनही वापरता येऊ लागली. इथे तिची गरज पडली नाही. मागाहून कळले की वजन गावातल्या दुकानात, धान्याची पोती तोलायच्या काट्यावर, जरीच्या साडीत केले होते.

काट्याची चौकशी आधी का केली नाही, असा प्रश्न प्रशिक्षणात हमखास विचारला जातो. एका प्रश्नात उलगडा झाला असता हे खरे आहे. तरीही क्रम हाच योग्य. "काटा दुसरा होता" हे उत्तर मिळाल्यावर रक्तदाब तपासण्याची निकड संपल्यासारखी वाटते, आणि काटा दुसरा असूनही रक्तदाब वाढलेला असू शकतो. फोनवरून रक्तदाब अंदाजता येत नाही.

निष्पत्ती, आणि तिच्यातून काय म्हणता येते

अडतिसाव्या आठवड्यात, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, वजन ७६.३ किलो होते; पहिल्या तपासणीपासूनची वाढ ८.३ किलो. सोळाव्या आठवड्यानंतरचा वेग आठवड्याला सुमारे २३० ग्रॅम राहिला. हिमोग्लोबिन ११.१ झाले. ठरल्याप्रमाणे सिझेरियन झाले, बाळ ३ किलोचे, जन्मानंतरची त्याची साखर योग्य.

यावरून दूरसल्ल्यामुळे बाळंतपण सुखरूप झाले असे म्हणणे धाडसाचे होईल. मोठ्या अभ्यासांचे निष्कर्षही सावध आहेत. उत्तर कॅलिफोर्नियात जास्त वजनाच्या गर्भवतींवर झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दोन प्रत्यक्ष आणि अकरा दूरध्वनी सत्रे होती. त्यांनी प्रमाणाबाहेरची वजनवाढ कमी केली, परंतु बाळंतपणातील गुंतागुंतींत फरक आढळला नाही. आहार आणि व्यायामावरच्या ३६ चाचण्यांतील बारा हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती २०१७ मध्ये एकत्र तपासली गेली, तेव्हा वजनवाढीतला सरासरी फरक ७०० ग्रॅमचा निघाला. फरक लहान आहे, पण खरा आहे. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत मोलाचा लाभ वजनाच्या आकड्यात नाहीच : मिश्री सुटली, लोहाची गोळी चहापासून दूर गेली आणि जेवण सोडण्याचा प्रकार तीन दिवसांत पकडला गेला. या तिन्ही गोष्टी महिन्याच्या भेटीत कळल्या नसत्या, आणि तिन्ही कळल्या त्या साध्या आवाजी फोनवर, ओळखीच्या माणसाशी, आपल्या भाषेत बोलताना. व्हिडिओ उपयोगी पडला तो आहारतज्ज्ञांना सासूबाईंचे स्वयंपाकघर पाहायला.

खर्चाची बाजू झाकून चालणार नाही. परिचारिकेचा दर आठवड्याचा वेळ, काटा आणि ग्लुकोमीटर यांचा भार प्रसूतिगृहाने उचलला. प्रत्येक गर्भवतीला इतके फोन देणे शक्य नाही, आणि गरजही नाही. मूळ वजन जास्त असलेल्या, आधीच्या खेपेला साखर वाढलेल्या किंवा सोळाव्या आठवड्यापर्यंत वेगाने वजन वाढलेल्या स्त्रिया निवडाव्यात. बाकीच्यांना नेहमीच्या भेटी आणि अडचणीला लावण्यासाठी एक क्रमांक पुरे.

योजनेतली मोठी त्रुटी प्रसूतीनंतर दिसली. कागदोपत्री फोन प्रसूतीबरोबर थांबत होते. गर्भावस्थेत मधुमेह झालेल्या स्त्रीला पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका बराच अधिक असतो आणि प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी करायला हवी. बाळात बाळंतीण गुंतल्यामुळे हीच चाचणी सर्वाधिक चुकते. या प्रकरणात परिचारिकेने ती बाळाच्या सहा आठवड्यांच्या लसीकरणाच्या दिवशीच ठेवली. लस चुकवायची नाही हे घरात सर्वांना मान्य असल्याने चाचणीही झाली. साखर १२२ आली, वजन ७०.४ किलो होते. गच्चीवरच्या बोलण्यासारखेच बोलणे त्या दिवशी लसीकरण कक्षाबाहेर झाले, तेव्हा बाळंतिणीने सांगितले की सव्वा महिन्याच्या विश्रांतीत, रात्रीच्या जागरणामुळे, सकाळची मिश्री पुन्हा सुरू झाली आहे. अंगावर पाजताना निकोटिन दुधावाटे बाळापर्यंत पोहोचते हे तिला माहीत नव्हते. फोन पंधरा दिवसांतून एकदा, आणखी सहा महिने चालू ठेवायचे ठरले. पतीचा जुना फोन नवे सिमकार्ड घालून तिला देण्यात आला आणि दरवर्षी साखर तपासण्याची सूचना माता व बाल संरक्षण कार्डावर लिहून दिली गेली.